ओळ तिसरी, घर सातवं

"आत्या, तू शेवटची कधी हसली होतीस?"

हा प्रश्न भोंग्याचा नव्हता. तो तिच्या मैत्रिणीने, जिराफने, रचला होता, ठमीने शपथ घालून पक्का केला होता, आणि पहिल्याच दिवशी, जेवणाच्या सुट्टीच्या आत, तो विचारून दाखवायचा अशी पैज लागली होती. नुसतं विचारून भागणार नव्हतं. उत्तर आत्याच्याच आवाजात रेकॉर्ड करून आणायचं होतं. म्हणून पांढऱ्या कोटाच्या खिशात मोबाइल चालू होता, ओठांआड हसू दाबून धरलेलं होतं, आणि आत्या भडकलीच तर पळायचं कसं, याचा अंदाज भोंग्याने दाराकडे बघून आधीच घेतला होता.

आत्या भडकली नाही. ती यंत्रावर वाकलेली होती, तशीच वाकलेली राहिली. फक्त बारीक चाकीवरचा तिचा हात थांबला. घरातली कात्री कुठे ठेवली म्हणून कुणी विचारावं आणि आपण खरंच आठवून बघावं, तसा तिने विचार केला.

"दोन वर्षं होतील," ती म्हणाली. "मंगळवार असावा. दुपारचा."

आणि चाकी पुन्हा फिरू लागली.

भोंग्याचं हसू होतं तिथेच विरून गेलं. हसायची एवढी जय्यत तयारी, आणि समोरून आला तो साधा, सरळ, तारीख शोधून दिलेला जबाब. "बरं," एवढंच भोंगा म्हणाली. वर्षभरात तिच्या तोंडून निघालेलं सगळ्यात लहान वाक्य ते हेच.

कारण भोंगा हे नाव तिला उगीच पडलं नव्हतं. मागच्या वर्षीपर्यंत ती वर्गात इतकी गप्प असायची की बाईंनी दोनदा तिला बाकावर बसलेली असताना गैरहजर लावलं होतं, आणि तिनेही ते दोन्ही वेळा चालवून घेतलं होतं. मग वक्तृत्व स्पर्धेत नेमका तिच्या पाळीला माइक बंद पडला. काय अंगात आलं कोण जाणे, तिने मान वर केली आणि शेवटच्या बाकापर्यंत, शेवटच्या बाकाच्या मागच्या भिंतीपर्यंत, भिंतीपलीकडच्या बसथांब्यापर्यंत ऐकू जाईल असं भाषण ठोकून दिलं. त्या दिवशी जिराफने तिला भोंगा म्हटलं, आणि ते नाव तिने पदकासारखं मिरवलं. आपण बोललो की माणसं वळून बघतात हा शोध तिला तेव्हा लागला. तेव्हापासून ती थांबलीच नव्हती.

तर शाळेचं फर्मान असं होतं की सुट्टीतले दोन आठवडे एखाद्या कामाच्या जागी बसायचं, बघायचं, आणि वीस पानं लिहून द्यायची. जिराफने बेकरी पटकावली. ठमीने जनावरांचा दवाखाना धरला. भोंगा इतरांना कुठे जायचं याचे सल्ले देत फिरली, आणि शेवटच्या दिवशी तिला आठवलं की आपल्यालाही कुठेतरी जायचंय. मग बाबांनी कपाळाला हात लावून आपल्या थोरल्या बहिणीला फोन केला. कितीतरी महिन्यांनी केला. दोघांत भांडण नव्हतं. भांडण असतं तर निदान बोलणं तरी झालं असतं.

"ताईला माणसं लागत नाहीत," फोन ठेवल्यावर बाबा म्हणाले होते. "तिला तिचं यंत्र पुरतं. तू तिथे जरा कमी बोल."

चौथ्या मजल्यावर, लांबलचक बोळाच्या टोकाला आत्याची खोली. खोलीला खिडकी नव्हती, कारण ऊन आलं की आतली हवा तापते, आणि हवा पाव अंशाने जरी तापली तरी मोजमाप हलतं. छतातून गार वारा एकसुरी घुमत राहायचा. मधोमध दगडी फळीचं जाडजूड टेबल, त्यावर मायक्रोस्कोप, सुया आणि पडदा असलेलं यंत्र. टेबलाच्या दोन बाजूंना समोरासमोर दोन खुर्च्या. एक आत्याची. दुसरी रिकामी.

त्या रिकाम्या खुर्चीकडे भोंग्याचं लक्ष पहिल्याच दिवशी गेलं, कारण बाकी खोलीत तीळ ठेवायला जागा नव्हती. कपाटावर फायली, फायलींवर डबे, डब्यांवर हातमोज्यांची खोकी, जमिनीवर तारांची भेंडोळी. त्या खुर्चीवर मात्र एक कागदसुद्धा नाही. भोंग्याला बसायला दाराजवळचं तीन पायांचं स्टूल मिळालं.

संध्याकाळी तिने ते रेकॉर्डिंग मैत्रिणींना पाठवून दिलं. पैज म्हणजे पैज. दोघींनी हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांच्या रांगा पाठवल्या. "मंगळवार असावा" हे वाक्य जिराफला इतकं आवडलं की पुढे कुठल्याही प्रश्नाला ती तेच उत्तर द्यायला लागली. जेवलीस का? मंगळवार असावा. भोंगाही हसली. मग खोलीचं दार लावून तिने ते पुन्हा ऐकलं. मोबाइलमध्ये आत्याचा आवाज लहान झाला होता, आणि त्याच्या मागे तो घुमणारा वारा होता. दोन वर्षं होतील. तिने ते तिसऱ्यांदा ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी कोट देताना कपडेवाल्या मावशींनी तिला अडवलं. या मावशी पुढच्या खोलीत बसायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला कोट आणि बुटांवरची पिशवी द्यायच्या आणि न मागता बातम्याही द्यायच्या. त्यांच्याकडून कळलं ते असं. पुढच्या शुक्रवारी मोठे साहेब वर येणार आहेत. तोवर बाईंच्या यंत्रातून काही निघालं तर ठीक, नाहीतर ते टेबल उचलून दुसऱ्या कामाला देणार आणि बाईंना खालच्या मजल्यावर लोकांचे अहवाल तपासायला बसवणार.

"आणि ती दुसरी खुर्ची कोणाची?" भोंग्याने विचारलं.

मावशींनी बुटांच्या पिशव्या उगाचच नीट केल्या. ती डावखुऱ्या साहेबांची, त्या म्हणाल्या. अकरा वर्षं ते आणि बाई समोरासमोर बसून काम करायचे. दिवसभर दोघांची जुंपलेली असायची, बोळात ऐकू यायचं, आणि मध्येच दोघंही खो-खो हसायचे. मग त्यांची आई आजारी पडली आणि ते नोकरी सोडून तिच्याकडे गेले. "तेव्हापासून बाई माझ्याशीसुद्धा दोनच शब्द बोलतात. सकाळी 'कोट' आणि संध्याकाळी 'घ्या'."

त्या दिवशी भोंग्याने प्रश्न विचारला तो स्वतःचा. आत्या, तू इथे नेमकं करतेस काय?

आत्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. खिशात मोबाइल चालू आहे का हेच जणू बघत होती, असं भोंग्याला उगीच वाटलं आणि तिचे कान तापले. मग आत्याने चिमट्याने एक चकती उचलून भिंगाखाली ठेवली. तळहाताएवढी, काचेसारखी, एका बाजूची कड सरळ कापलेली. तिच्यावर ओळींमागून ओळी बारीक चौकोन होते. त्यांना इथे घरं म्हणायचे.

"तुझ्या मोबाइलच्या कानावर एका वेळी हजार हाका पडतात," आत्या म्हणाली. "त्यातली त्याची एक आत घ्यायची, बाकीच्या दाराबाहेर ठेवायच्या. ते काम असल्या एका घराचं."

बोलताना ती चकतीकडेच बघत होती, पण बोलत होती. प्रत्येक घरात धातूचे दोन कंगवे असतात, एकमेकांत दाते घातलेले, पण एकमेकांना न शिवणारे. हे दाते म्हणजे इलेक्ट्रोड. त्यांना वीज दिली की खालचा स्फटिक थरथरतो, आणि ती थरथर लाट होऊन पळते, आवाजासारखी, फक्त कुणालाच ऐकू न येणारी. पलीकडे तिची पुन्हा वीज होते. शंभर भाग आत घातले तर शंभर बाहेर यायला हवेत. येतात सत्तर.

"आणि तीस?"

"सांडतात. दात्यांच्या टोकांशी. लाटेला सरळ जायचं असतं, पण टोकाशी तिला धरायला कोणी नसतं. मग ती बाजूने निसटते. निसटली की गेली, परत येत नाही."

साहेबांना हवं होतं ते सांडणं वीसच्या खाली. ताटाला काठ असतो तसा त्या टोकांना काठ करायचा, एवढंच खरं तर काम. आत्याने दाते कमी-जास्त लांबीचे करून बघितले होते, दात्यांची टोकं तिरपी करून बघितली होती. तिच्या सहा चकत्या अजून मोजायच्या होत्या. आठ दिवस, सहा चकत्या.

मोजणं म्हणजे असं. मशीनच्या ताटलीत चकती बसायची ती एकाच प्रकारे, कापलेली कड आत्याच्या पोटाकडे, कारण ताटलीतला खिळाच तिथे होता. मग भिंगातून हवं ते घर मोजून शोधायचं, ताटली मायक्रोस्कोपखाली सरकवायची, आणि केसाहून बारीक सुया त्या घरावर अशा टेकवायच्या की टेकल्या तर पाहिजेत पण ओरखडा उठता कामा नये. आत्या त्या वेळी श्वास सोडायची नाही. भोंगाही सोडायची नाही. मग पडद्यावर एक रेघ डोंगरासारखी चढायची, आणि आत्या वहीत आकडा लिहायची.

अठ्ठावीस. एकतीस. सत्तावीस. पुन्हा अठ्ठावीस.

पहिला आठवडा असा गेला. भोंग्याच्या लक्षात आलं की आत्या आकडा लिहायच्या आधी तो हळूच मोठ्याने म्हणते आणि क्षणभर थांबते. समोरून कुणी काहीतरी म्हणेल म्हणून थांबावं तशी. समोर रिकामी खुर्ची. मग ती लिहायची.

शनिवारी तिघी मैत्रिणी नेहमीसारख्या पोहायला गेल्या. तलावाच्या काठावर पाय सोडून बसल्या असताना जिराफने मोबाइलवर ते रेकॉर्डिंग लावलं, शेजारच्या वर्गातल्या दोन मुलींना ऐकवायला. भोंगा म्हणाली, ते पुसून टाक. जिराफ म्हणाली, अगं तूच तर पाठवलंस. खरंच होतं ते.  ठमीने विषय बदलला, पण मग तिघींनाही पाणी फार गार वाटायला लागलं आणि त्या लवकर घरी गेल्या.

दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी आत्याची सहावी चकती संपली. एकोणतीस. आत्याने वही मिटली, पेनला टोपण लावलं, आणि मग करण्यासारखं काहीच उरलं नाही म्हणून टोपण काढून पुन्हा लावलं.

हातमोजे शोधायला भोंग्याने खालचा खण ओढला तर त्यात एक सपाट डबी आणि एक जुनी वही होती. डबीत चकती. वहीतलं अक्षर आत्याचं नव्हतं, सगळी अक्षरं डावीकडे कलती. शेवटच्या पानावर चार ओळी होत्या. ओळ तिसरी, घर सातवं, सोळा. ओळ तिसरी, घर आठवं, सतरा. खाली आणखी दोन, दोन्हींपुढे सोळा.

"आत्या, हे तर वीसच्या खाली आहे."

"ते खोटं आहे," आत्या म्हणाली.

ते तिने इतक्या शांतपणे म्हटलं की भोंगा खण उघडा टाकून तशीच उकिडवी बसून राहिली. मग आत्याने सांगितलं, तुकड्यातुकड्याने. ही डावऱ्याची चकती. त्याची कल्पना साधी होती: दाते तसेच ठेवायचे, फक्त त्यांची टोकं जराशी जड करायची. मग लाट तिथे पोचली की मंदावते आणि आतल्या आत राहते. पण किती जड, हाच खरा प्रश्न. कमी झालं तर सांडते, जास्त झालं तर आत गोंधळ. म्हणून त्याने पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत टोकं थोडी थोडी जड करत नेली होती. हे फरक इतके सूक्ष्म की मायक्रोस्कोपखाली सगळी घरं सारखीच दिसतात. त्याने त्यातली चार घरं निवडून मोजली, आकडे लिहिले, आणि आठवड्याभरात आईकडे निघून गेला. तो गेल्यावर आत्याने तीच चार घरं मोजली. चौतीस, छत्तीस, चौतीस, पस्तीस.

"मला वाटलं, जायच्या आधी काहीतरी करून दाखवलं असं व्हावं म्हणून लिहिले असतील."

"तू विचारलंस त्याला?"

"नाही."

"का?"

आत्याने हातमोजा काढून त्याची बोटं एकेक सरळ केली. "विचारलं असतं तर तो खरं बोलला असता, नाहीतर खोटं बोलला असता. मला दोन्ही ऐकायचं नव्हतं." जरा वेळाने ती म्हणाली, "त्याचे फोन यायचे. मग यायचे बंद झाले."

त्या दिवशी भोंगा घरी गेली ती एक अक्षर न बोलता. आईने तिच्या कपाळाला हात लावून बघितला, ताप नव्हता.

बुधवारी सकाळी ती आत्याच्या मागेच लागली. मला सुया टेकवायला शिकव. वीस पानांपैकी माझी नऊच भरलीत. नवीन चकत्या तर संपल्या, मग ती खणातली घे. आत्या म्हणाली, ती बघून झाली आहे. भोंगा म्हणाली, म्हणून तर, बिघडली तरी तुझं काय जातंय.  वाया गेलेली चकती शिकायलाच बरी, असं पुटपुटत तिने ती ताटलीत बसवली, कड पोटाकडे, आणि जुनी वही स्वतःसमोर उघडली.

स्टुलावरून भोंग्याला भिंगातलं काही दिसेना. आत्याच्या शेजारी उभी राहिली तर तिची सावली चकतीवर पडायची. तेव्हा ती टेबलाला वळसा घालून पलीकडे गेली आणि बसली. बसल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण कुठे बसलोय.

ती उठणार होती. आत्या तिच्याकडे बघत होती. रागाने नाही, बाबा कधीकधी जुन्या घराच्या फोटोकडे बघतात तशी. "बस," आत्या म्हणाली. "पुढे ओढून घे. तिचं डावं चाक अडकतं."

मग आत्याने वाचलं, "ओळ तिसरी, घर सातवं."

भोंग्याने लाकडी काडी हातात घेतली आणि मोजायला सुरुवात केली. इथला शिरस्ता तिला आता पाठ होता. मोजायचं ते नेहमी वरच्या डाव्या कोपऱ्यापासून, पानावर वाचतात तसं. एक ओळ, दोन ओळी, तीन. मग एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. तिने काडी टेकवली.

"ते नाही," आत्या म्हणाली. "वरून मोज."

"वरूनच मोजलं."

"डावीकडून."

"डावीकडूनच मोजलं की. हे बघ."

तिने पुन्हा मोजून दाखवलं. काडी पुन्हा तिथेच आली. आत्याची काडी चकतीच्या दुसऱ्याच टोकाला होती, तिच्या वरच्या बाजूला, जी भोंग्याच्या खालची बाजू होती. दोन काड्यांमध्ये सगळी चकती होती.

 तिने भोंग्याच्या काडीकडे पाहिलं, मग भोंग्याच्या हाताकडे, मग खुर्चीकडे. छतातला वारा घुमत होता. मग ती उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि खुर्चीच्या हाताला धरून गुडघ्यांवर बसली, डोळे भोंग्याच्या डोळ्यांच्या पातळीला येतील अशी. तिथून तिने चकतीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. अकरा वर्षं त्या माणसाला ती समोरून बघत आली होती, पण त्याला काय दिसतं ते बघायला या बाजूला कधी आलीच नव्हती.

"तो डावखुरा होता," ती म्हणाली. "ती चाकी त्याला या बाजूने सोपी पडायची. तो मोजायचा तेही इथूनच."

मग ती आपल्या जागी गेली.  भोंग्याची काडी होती त्या घरावर ताटली सरकली. सुया उतरल्या. दोघींनी श्वास धरला. पडद्यावरची रेघ चढली, माथ्यावर पोचली आणि तिथे सपाट, स्वच्छ राहिली, जशी या दहा दिवसांत एकदाही राहिली नव्हती.

"सोळा," आत्या म्हणाली, आणि थांबली.

"सोळा," भोंगा समोरून म्हणाली.

पुढचं घर सतरा. मग सोळा. मग सोळा. वहीत होतं तेच, त्याच क्रमाने. भोंग्याला वाटलं आता आत्या ओरडेल, टाळी देईल, निदान हसेल. ती स्वतः तर खुर्चीत उड्या मारायच्या बेतात होती. पण आत्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि त्या डावीकडे कलत्या अक्षरांकडे बघत बसली. दोन वर्षं एका माणसाला मनातल्या मनात खोटं ठरवून झालं होतं. आता ती दोन वर्षं कुठे ठेवायची, हे तिला कळत नसावं.

गुरुवारी दुपारी आत्याने त्याला फोन केला. "तू जाऊ नकोस," एवढंच ती भोंग्याला म्हणाली. भोंगा त्या खुर्चीत बसून राहिली. फोन बराच वेळ वाजला. मग पलीकडून आवाज आला, जाड, झोपेतून उठल्यासारखा. आत्याने नमस्कार-चमत्कार काहीच केला नाही. तिने एका दमात सगळं सांगून टाकलं: चार घरं, चौतीस, आपण काय समजलो, आणि काल काय झालं.  

"मी समोर बसायचो गं," तो आवाज अखेरीस म्हणाला. "तुला माहीत होतं."

"माहीत होतं," आत्या म्हणाली.

मग तो हसला. लांबून, खरखरत, पण हसला, आणि भोंग्याने अंग आवरून आत्याकडे पाहिलं. आत्या हसलीच तर वेळ सांगता यावी म्हणून तिने घड्याळसुद्धा बघून ठेवलं होतं. सव्वातीन. पण आत्या हसली नाही. तिने त्याच्या आईची तब्येत विचारली. आणि तो म्हणाला की आई गेली, मागच्या वर्षी. तुला कळवावं असं वाटलं होतं, पण तू फोन उचलत नव्हतीस. तो आता तिथल्याच शाळेत शिकवत होता. परत यायचं म्हणशील तर नाही, तो म्हणाला, इथे बस्तान बसलंय. पण आकडे कळवत जा.

आत्याने फोन ठेवला. मग सुया पुसायच्या मऊ कापडाने तिने सुया पुसल्या, आधीच पुसलेल्या.

शुक्रवारी मोठे साहेब आले. आत्याने त्यांना आधी आपल्या बाजूला बसवलं, मग समोरच्या खुर्चीतून भोंग्याला उठवून त्यांना तिथे बसवलं, आणि दोन्हीकडून मोजायला लावलं. साहेबांनी डोकं खाजवलं, सोळा हा आकडा चार वेळा स्वतः वाचला, आणि टेबल इथेच राहील, पुढच्या चकत्या याच नमुन्याच्या होतील, असं सांगून गेले. अहवालावर आत्याने दोन नावं घातली, आणि पहिलं नाव तिचं नव्हतं. निघताना भोंग्याने कोट परत केला तेव्हा मावशींनी डोळ्यांनीच विचारलं. भोंग्याने मान हलवली. मावशींचा जीव भांड्यात पडला.

पण खाली उतरायच्या आधी भोंगा एकदा मागे वळून गेली होती. दाराच्या काचेतून तिला दिसलं की आत्याने तिचं स्टूल जागेवर ठेवलंय, खुर्ची टेबलाखाली सरकवलीय, आणि वही उघडून एक आकडा मोठ्याने म्हणून ती थांबलीय. काचेतून आवाज येत नव्हता. थांबलेली मात्र स्पष्ट दिसत होती.

संध्याकाळी जेवताना बाबांनी विचारलं, सुटलीस का एकदाची. आईने विचारलं, झाली का वीस पानं. भोंग्याने सांगितलं की एकतीस झाली. मग तिने ताट बाजूला सारलं. वर्षभरात पहिल्यांदाच ती हळू आवाजात बोलली, आणि दोघंही खायचे थांबले.

"शाळा सुरू झाली की दर शनिवारी मी आत्याकडे जाणार आहे. पोहायला नाही जाणार, वक्तृत्वाच्या सरावालाही नाही. जिराफशी बोलून झालंय, ती रागावली आहे, रागावू दे. आत्याच्या कामात समोर बसायला एक माणूस लागतो, आणि तो नाहीये. मी विचारत नाहीये, सांगतेय. आणि बाबा, सोडायला तुम्ही यायचं. गेटवरून नाही परतायचं. चौथ्या मजल्यापर्यंत वर यायचं."